ताम्हिणीचा पाऊस आणि उन्हेऱ्याचे ऊन पाणी

भूगोलाच्या पुस्तकात पाण्याचे चक्र एका चित्रात आटोपलेले असते. समुद्राची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, ढग डोंगरास अडून पाऊस पाडतात आणि नद्या ते पाणी पुन्हा समुद्रास नेऊन पोहोचवितात. हे चित्र खोटे नाही. परंतु त्यात एक उणीव आहे. डोंगरावर पडल्यापासून समुद्रास मिळेपर्यंत पाणी कोणाच्या दारावरून जाते, कोणाचे शेत पिकविते, कोणाचे शेत बुडविते आणि कोणाच्या घागरीत मुळीच येत नाही, हे त्या चित्रातील बाणांवरून कळत नाही. ते कळण्यास मनुष्याने पायी हिंडले पाहिजे. या हेतूने गेल्या आश्विन महिन्यात आम्ही काही शिक्षक व वरच्या इयत्तांतील विद्यार्थी मिळून मुळशी तालुक्यातील ताम्हिणीपासून रायगड जिल्ह्यातील उन्हेऱ्यापर्यंत दोन दिवसांचा प्रवास केला. त्यात जे पाहावयास व शिकावयास मिळाले, ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटून येथे क्रमाने मांडीत आहोत.

डोंगरपठारावर हिंडावे आणि ऊन पाण्याच्या झऱ्यावर स्नान करावे, ही हौस केवळ आपल्याच देशातील नव्हे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात बक्स्टन नावाचे एक गाव आहे. तेथे जमिनीतून सुमारे २८ अंश सेल्सियस उष्णतेचे पाणी बारमाही वर येते. रोमन लोकांस ते ठाऊक होते. पुढे सोळाव्या शतकात स्कॉटलंडची राणी मेरी बंदिवासात असताना सांधेदुखीवर उपाय म्हणून तेथे स्नानास येत असे. गावाच्या भोवती उंच, वृक्षहीन व ओलसर माळराने आहेत. त्यांवर हेदर नावाचे जांभळ्या फुलांचे झुडूप माजलेले असते. लोक सकाळी स्नान करीत, पाणी पीत आणि उरलेला दिवस त्या माळांवरून भटकत. प्रकृती सुधारण्यात झऱ्याचा भाग किती व या चालण्याचा भाग किती, हे ठरविणे कठीणच आहे. असो. असे माळ व असे झरे आपल्या सह्याद्रीतही आहेत. मात्र ते एका गावी नाहीत. माळ घाटमाथ्यावर आणि झरे कोकणात, अशी त्यांची विभागणी आहे. मधला उतार पायी उतरून गेले म्हणजे त्या दोहोंचे नाते ध्यानात येते.

पुण्याहून पश्चिमेस पिरंगुट, पौड यांवरून जाणारा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने ताम्हिणीस पोहोचतो आणि पुढे घाट उतरून कोकणात विळ्याकडे जातो. ताम्हिणी हे घाटमाथ्यावरील लहानसे गाव. परंतु पावसाच्या नोंदींत त्याचे नाव फार मोठे आहे. २०२४ सालच्या जुलै महिन्यात, २५ तारखेस सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, येथे ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुणे शहरात सबंध वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगेल. पुण्याच्या वर्षाच्या पावसापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश इतका पाऊस येथे एका अहोरात्रीत कोसळला. आणखी सोपा हिशेब असा की, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथे एक लिटर पाणी जमते. त्या मानाने त्या एका दिवशी एक हेक्टर शेतावर ५५ लाख ६० हजार लिटर पाणी पडले असे होते. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

इतका पाऊस येथेच का पडावा? नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्राची वाफ घेऊन कोकणपट्टी ओलांडतात आणि सह्याद्रीच्या कड्यास येऊन भिडतात. पुढे जाण्यास त्यांस उंच चढावे लागते. हवा उंच चढली म्हणजे प्रसरण पावते व थंड होते. थंड हवेत पूर्वीइतकी वाफ मावत नाही. म्हणून ती पावसाच्या रूपाने गळते. कडा ओलांडून वारे पूर्वेस उतरू लागले म्हणजे ते कोरडे होत जातात. याच कारणाने ताम्हिणीहून पौड कमी ओले, पौडाहून पुणे कमी आणि पुण्याहून बारामती आणखी कमी.

या माथ्यावरील सपाट कातळास सडा म्हणतात. इंग्लंडातील माळ आणि आपला सडा हे दुरून सारखे दिसले तरी पाण्याच्या बाबतीत ते परस्परांच्या उलट आहेत. तेथील माळावर शेवाळ व गवत अर्धवट कुजून झालेल्या काळ्या मातीचा जाड थर असतो. तो स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो व वर्षभर ठिबकत राहतो. आमच्या सड्यावर मातीचा थर वीतभर, पुष्कळ ठिकाणी बोटभरही नसतो. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनलेला काळा कातळ आहे. त्यावर पडलेला पाऊस थांबत नाही. तो ओहळांतून धावतो आणि कड्यावरून उडी घेतो. पावसाळ्यात ताम्हिणीस जे असंख्य धबधबे दिसतात व ज्यांचे सर्वत्र कौतुक होते, ते वस्तुतः या न थांबणाऱ्या पाण्याचे दर्शन होय.

तरीही हा कातळ ओसाड नाही. आम्ही गेलो तेव्हा पाऊस ओसरला होता आणि सोनकीच्या पिवळ्या फुलांनी व तेरड्याने उतार भरून गेले होते. जेथे कातळावर पाण्याचा पातळ पडदा अजून होता, तेथे विद्यार्थ्यांस सीतेची आसवे या निळ्या-जांभळ्या फुलांची इवलीशी वनस्पती दाखविली. हिच्या मुळांशी सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत ती पाण्यातील बारीक किडे ओढून घेते. जवळच दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती होती. तिच्या पानांवरील चिकट थेंबांस कीटक चिकटतात व त्यांतून तिचे पोषण होते. या वनस्पती मांसाहारी का झाल्या, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने केला. याचे उत्तर पावसातच आहे. अतिवृष्टीने कातळावरील थोडक्या मातीतील नायट्रोजनयुक्त क्षार धुऊन जातात. जमिनीत जे अन्न नाही ते या वनस्पती कीटकांपासून मिळवितात.

सड्यापासून थोड्याच अंतरावर ताम्हिणीची ग्रामदेवता विंझाई हिचे देऊळ व त्याभोवतीची देवराई आहे. देवीचे रान तोडू नये, या जुन्या समजुतीने येथील वृक्ष टिकले. कोणाचा धर्म कोणताही असो, या रानात शिरताच एक गोष्ट प्रत्येकाच्या पायास कळते. सड्यावर खडबडीत वाटणारी जमीन येथे मऊ लागते. पानांचा जाड थर, त्याखाली काळी माती व तीत मुळांचे जाळे, यांमुळे पाणी येथे धावत नाही, मुरते. मुरलेले पाणी कातळाच्या भेगांतून खाली जाऊन लाव्हारसाच्या दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सडा व देवराई यांवर पाऊस एकच पडतो. परंतु एकाचे पाणी चार घटकांत जाते व दुसरीचे चार महिने पुरते. या प्रदेशातील सुमारे ५० चौरस किलोमीटर वनास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे शेकरू हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत जाताना आम्ही प्रत्यक्ष पाहिला.

येथवर पाण्याच्या दोन वाटा झाल्या. धावणारे पाणी व मुरणारे पाणी. धावणाऱ्या पाण्याचेही पुन्हा दोन भाग होतात. घाटमाथ्याची कड हा पाण्याचा दुभाजक आहे. कडेच्या पश्चिमेस पडलेला थेंब कुंडलिका नदीच्या दरीत उतरून कोलाड व रोहे यांवरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळतो. कडेच्या पूर्वेस पडलेला थेंब मुळा नदीत जातो, पुण्यास मुठेस भेटतो, पुढे भीमेत व भीमेतून कृष्णेत जाऊन थेट बंगालच्या उपसागरास मिळतो. एकाच ढगातून हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची पुन्हा गाठ पडावयाची ती हिंदी महासागरातच.

परंतु मुळशीस हा निसर्गाचा नियम मनुष्याने पालटला आहे. पूर्वेस जाणारे मुळेचे पाणी तेथे धरणाने अडविलेले आहे व डोंगरातून बोगदा खोदून ते पश्चिमेस वळविलेले आहे. कड्याच्या माथ्यावरून ते मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडते. १९२७ साली हे वीजगृह सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईस जाऊ लागली. येथे पदार्थविज्ञानाचा एक हिशेब करण्यासारखा आहे. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली पडले असता त्यातून सुमारे ४,९०० जूल ऊर्जा मिळते. घर्षणादिकांत जाणारी तूट वजा केली तर तेवढ्यावर १० वॉटचा दिवा सात मिनिटे जळेल. ज्या लिटरभर पाण्याने आपण सकाळी तोंड धुतो, त्यात इतके सामर्थ्य केवळ ते उंचावर असल्यामुळे येते. वीजगृहातून सुटलेले हे पाणी कुंडलिकेस मिळते. कोलाडजवळ हल्ली जो नौकाविहार चालतो, तो उन्हाळ्यातही चालू शकतो तो याच पाण्याच्या जोरावर.

जलाशयाच्या काठी उभे राहिले असता हे सर्व फार रम्य दिसते. तथापि त्या पाण्याखाली काय आहे हे आम्ही विद्यार्थ्यांस सांगितल्यावाचून राहिलो नाही. मुळशीचे खोरे आंबेमोहोर तांदळाकरिता प्रसिद्ध होते. टाटा कंपनीने तेथे धरण बांधावयाचे योजिले आणि सरकारने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये त्याकरिता जमिनी घेण्याचे ठरविले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावांवर संकट कोसळले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर बसून सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख होते. बापटांस लोक पुढे ज्या नावाने ओळखू लागले, ती 'सेनापती' ही पदवी त्यांस याच लढ्यात लाभली. पुरुष तुरुंगात गेले, स्त्रियाही गेल्या. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे केलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत याची गणना होते. १९२४ च्या सुमारास लढा मावळला व धरण पुरे झाले. ज्या जमिनी बुडाल्या त्यांपैकी पुष्कळ सावकारांच्या नावे होत्या. त्यामुळे भरपाईचा पैसा मुख्यतः जमिनीच्या मालकांस मिळाला आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही.

मुंबईस विजेची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. कोळशाच्या धुराने कोंदलेल्या गिरण्यांस पाण्यापासून झालेली वीज ही मोठीच सोय झाली. परंतु लाभ एकाने घ्यावा व किंमत दुसऱ्याने द्यावी, असे जेव्हा घडते, तेव्हा लाभ घेणाऱ्याने निदान ती किंमत जाणावी, एवढे तरी न्यायाचे आहे. पुस्तकात धरणाची उंची व विजेचे आकडे असतात. बुडालेल्या घरांच्या उंबरठ्यांची मोजदाद नसते.

दुसऱ्या दिवशी पिंपरी गावाहून वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही अंधारबनाच्या वाटेस लागलो. हे नाव सार्थ आहे. उजव्या हातास डोंगर, डाव्या हातास कुंडलिकेची खोल दरी आणि मध्ये इतके दाट रान की भर दोन प्रहरीही ऊन जमिनीस लागत नाही. वाट पुष्कळ अंतरापर्यंत एकाच पातळीवरून जाते व ठिकठिकाणी ओहळ ओलांडते. हिरडी गावानंतर ती उतरू लागते व भिऱ्याच्या बाजूस कोकणात नेऊन सोडते. सुमारे तेरा किलोमीटरांची ही वाट शांतपणे चालल्यास एका दिवसात सहज होते.

वाटेवरील एका वाडीत एक वृद्ध बाई अंगणात नाचणीची कणसे खुडीत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले. त्यांनी तांब्या भरून दिला आणि पोरांस सावलीत बसविले. "आजी, तुमच्याकडे पाण्याला काय तोटा!" असे एक विद्यार्थी सहज बोलून गेला. त्यावर त्या हसल्या व म्हणाल्या, "तोटा आत्ता न्हाई, बाळा. शिमगा सरल्यावर ये. मग ह्यो तांब्या भराया मला किती चालाया लागतं ते दावीन." त्या मुलाने तांब्यातील उरलेले घोटभर पाणी ओतून न टाकता पिऊन टाकले. पाण्याविषयी आम्ही वर्गात जितके बोलतो, त्याहून त्या दोन वाक्यांचा परिणाम अधिक झाला, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या प्रदेशात चैत्र-वैशाखात बायकांस डोक्यावर हंडे घेऊन दूर जावे लागते, याचे नवल वाटेल. परंतु सडा व देवराई यांतील भेद ज्याने पाहिला त्यास वाटणार नाही. पाऊस किती पडला याहून किती थांबला हे महत्त्वाचे आहे. रान गेले म्हणजे पाणी थांबविणारा हात गेला.

भिऱ्याहून पाटणूसवरून वाहनाने आम्ही पालीस गेलो. सरसगडाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव बल्लाळेश्वराच्या देवस्थानामुळे सर्वांस परिचित आहे. तेथून तीन-एक किलोमीटरांवर उन्हेरे आहे. भोवती भातखाचरे, मध्ये बांधून काढलेली कुंडे व त्यांवर पहाटेच्या वेळी तरंगणारी वाफ, असे या ठिकाणाचे स्वरूप आहे. पाण्यास गंधकाचा किंचित वास येतो. दिवसभराच्या चालीने आंबलेले पाय त्या पाण्यात सोडले असता जे सुख होते, ते शब्दांनी सांगण्यापेक्षा अनुभवावे हे बरे.

या गावाच्या नावाकडे लक्ष द्यावे. उन्हेरे यात ऊन हा शब्द आहे; ऊन म्हणजे येथे सूर्यप्रकाश नव्हे, तर गरम. दापोलीकडे उन्हवरे आहे, राजापुराजवळ उन्हाळे आहे. या दोन्ही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. शास्त्रज्ञांनी नोंद करण्यापूर्वीच लोकांनी गावांच्या नावांतच ती करून ठेवली होती. उत्तरेकडे वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, मध्ये उन्हेरे व महाडजवळील सव, दक्षिणेस तुरळ, राजवाडी, आरवली व उन्हाळे, असे हे झरे नकाशावर मांडले तर सह्याद्रीस समांतर अशी जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण ओळ दिसते. काहींचे पाणी नुसते कोमट, तर काहींचे ७० अंश सेल्सियसच्या आसपास आहे.

हे पाणी तापते कशाने? कातळ ज्वालामुखीचा आहे, तेव्हा खाली अजून अग्नी धुमसत असावा, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हारस केव्हाच थंड होऊन गेला. खरे कारण असे की, पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते. सामान्यतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंश. कोकणपट्टीत कातळास उत्तर-दक्षिण दिशेने लांब व खोल भेगा पडलेल्या आहेत. पावसाचे मुरलेले पाणी या भेगांतून खोल उतरते, तेथील तप्त खडकांत दीर्घकाळ राहते, त्यांतील क्षार आपल्यात विरघळवून घेते आणि दाबामुळे दुसऱ्या भेगेवाटे वर येते. ७० अंशांचे पाणी निदान दीड किलोमीटर खोल जाऊन आले असले पाहिजे, असा अंदाज याच हिशेबाने करता येतो. भिऱ्यास ५०० मीटर खाली पडणारे पाणी त्या पडण्याच्या सर्व ऊर्जेनेही फार तर एका अंशाहून किंचित अधिक तापेल. यावरून भूगर्भातील उष्णतेचा साठा किती विलक्षण आहे याची कल्पना यावी. बक्स्टनचे पाणीही असेच पावसाचे, खोल जाऊन परतलेले पाणी आहे.

मुरलेल्या पाण्याची ही सर्वांत लांबची वाट होय. उन्हेऱ्याच्या कुंडात हाताला लागते ते कालपरवाचे पाणी नव्हे. ते फार पूर्वी केव्हातरी पडलेल्या पावसाचे आहे. ते कुंड स्वच्छ ठेवावयाचे ते याही कारणाने.

या पाण्याच्या औषधी गुणांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांचे दुखणे काही काळ कमी होते, आणि गंधकयुक्त पाण्याने त्वचेच्या काही तक्रारींत आराम वाटतो. याहून अधिक गुण त्यास चिकटवू नयेत. वैद्याचे औषध सोडून कुंडावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. हृदयविकार, रक्तदाबाचा विकार किंवा अंगावर उघडी जखम असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय उतरू नये. आणि कुंडात साबण लावणे, कपडे धुणे ही सवय सर्वांनीच सोडावी.

बक्स्टनविषयीची एक हकीकत मागे राहिली, ती येथे सांगतो. त्या गावाच्या उत्तरेस किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. त्याचे मालक धनिक लोक असत व ते माळ त्यांनी पक्ष्यांच्या शिकारीकरिता राखून ठेविले होते. सामान्य मनुष्यास तेथे पाऊल टाकण्याची मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व आसपासच्या शहरांतील शेकडो तरुण कामकरी ही मनाई मोडून त्या पठारावर चढले. त्यांच्यापैकी पाच जणांस कारावास झाला. परंतु १९५१ साली तोच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० साली कायद्याने तेथील मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क सर्वांस मिळाला. मुळशीचा लढा त्याच्या अकरा वर्षे आधीचा. किंडरचे लोक डोंगरावर जाण्याच्या हक्काकरिता झगडले. मुळशीचे लोक आपल्या खोऱ्यात राहण्याच्या हक्काकरिता झगडले. पहिले अखेर जिंकले, दुसरे हरले.

आज ताम्हिणीस जाण्यास आपणांस कोणी अडवीत नाही. सुटीच्या दिवशी घाट वाहनांनी भरून जातो. पण जो हक्क आपणांस अनायासे मिळाला त्याबरोबर कर्तव्यही येते, आणि ते तीन प्रकारचे आहे. पहिले स्वतःच्या जिवाविषयी. कातळावर पाणी थांबत नाही हे वर सांगितले. त्याचा अर्थ असा की आपण उभे आहोत तेथे ऊन पडले असले तरी वर सड्यावर सर आली म्हणजे काही मिनिटांत ओहळाचा लोंढा होतो. लोणावळ्यास भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. म्हणून भर पावसाळ्यात धबधब्याच्या प्रवाहात व डोहात उतरू नये, मग सोबतचे कितीही आग्रह करोत. दुसरे कर्तव्य रानाविषयी. जे बरोबर नेले ते सर्व परत आणावे. सड्यावरील फुले तोडू नयेत, त्यांवरून चालूही नये. तिसरे कर्तव्य तेथील माणसांविषयी. त्यांचे पाणवठे हे आपले स्नानगृह नव्हे. त्यांच्या अंगणातून जावे लागल्यास विचारून जावे, जेवण घेतल्यास योग्य मोबदला द्यावा, आणि त्यांच्याशी बोलताना आपण पाहुणे आहोत हे विसरू नये.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांस सहलीस नेण्याचा विचार असेल तर पावसाळा संपताच, आश्विन-कार्तिकात न्यावे; शक्य झाल्यास चैत्रात पुन्हा एकदा न्यावे. पहिल्या खेपेस मुले सृष्टीचे सौंदर्य पाहतील. दुसऱ्या खेपेस तीच डोंगरकड करपलेली, तेच ओहळ कोरडे व त्याच वाटेवर हंडे घेऊन चाललेल्या बायका त्यांच्या दृष्टीस पडतील. दोन्ही पाहिल्याखेरीज ताम्हिणी पाहिली असे म्हणता येणार नाही.

अभ्यासाकरिता काही गोष्टी खाली देत आहोत.

१. एक सपाट फरशी व एक गवत उगवलेले मातीचे तबक सारख्याच उतारावर ठेवा. दोहोंवर एकेक पेलाभर पाणी हळूहळू ओता. खाली किती पाणी आले व किती वेळात आले, ते मोजून लिहा. यांपैकी सडा कोणता व देवराई कोणती?

२. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरांत काढा. त्यावर ५५६ मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी जमेल? तेवढे पाणी आपल्या कुटुंबास किती दिवस पुरेल?

३. महाराष्ट्राच्या नकाशावर ऊन पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणे मांडा व सह्याद्रीची ओळ काढा. दोहोंत काय संबंध दिसतो?

४. घरात आज लागलेला दिवा व नळास आलेले पाणी कोठून आले, याचा शोध घ्या. वाटेत कोणाची जमीन लागली, हे वडील मंडळींस विचारून लिहा.

यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत मावतील. चौथ्याचे उत्तर मोठे आहे. ते शोधण्यास कदाचित पुष्कळ वर्षे लागतील, आणि म्हणूनच त्याचा आरंभ शाळेत असतानाच केलेला बरा.